गोजराच्या अंगणातली लाकडं

माझ्या नवऱ्याने दुसऱ्या बाईच्या अंगणात लाकडं रचली, आणि तीही आमच्या घरच्यापेक्षा देखणी. यात हसण्यासारखं काही नाही. ज्यांना हसू येतं त्यांचे नवरे सुट्टीच्या दिवशी पेपर वाचत लोळतात. त्यांना काय कळणार माझं दुखणं!

आमचं घर करंजाड्यात. पनवेल हाकेच्या अंतरावर, पण मी सांगतेय ते त्र्याण्णव सालचं. तेव्हा रिक्षावाले नदीपलीकडे यायचं म्हटलं की तोंड वाकडं करायचे. आमच्या लेकीचे, हुदाचे अब्बा, म्हणजे माझे मालक फजल, गोदीत कारकून होते. त्या वर्षी जूनमध्ये रिटायर झाले आणि चोवीस तास घरात दिसायला लागले. घरात म्हणजे मागच्या अंगणात. कारण तिथे त्यांची लाकडं होती.

गॅस आमच्याकडे केव्हाच आला होता. पण तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण चुलीवरच व्हायचं, आणि चुलीचं सरपण ही या माणसाची खास जहागीर. नोकरीत होते तेव्हा रविवारी करायचे, रिटायर झाल्यावर रोज. दिवाळी झाली की कुठे झाड पडलंय, कुठे प्लॉट साफ करताहेत याचा तपास काढायचे आणि टेम्पो भरून ओंडके आणायचे. आठवड्याच्या आत फोडायचे, कारण ओंडका तसाच राहिला तर पाणी आत कोंडतं. खाली जांभ्याचे चिरे लावायचे, लाकडाला जमीन लागू द्यायची नाही. त्यावर थप्पी. साल वरच्या बाजूला. दोन ढलप्यांमध्ये बोटं जातील एवढी फट, म्हणजे वारा खेळतो. डोक्यावर पत्रा, बाजूंना काहीही नाही. आंबा एका उन्हाळ्यात तयार होतो, बाभळीला दोन लागतात. मग दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायची. टणटण वाजली तर चुलीत जायची, भद्द आवाज आला तर परत जागेवर.

हे सगळं मला कसं माहीत? तोवर चौतीस वर्षं ऐकत आले होते. मासळी साफ करताना ऐकलंय, हुदाला पाजताना ऐकलंय, ताप अंगात असताना ऐकलंय. आणि चौतीस वर्षं मी एकच उत्तर देत आले, ‘हं’. कधी जास्तच झालं तर म्हणायचे, “लाकूड आहे ते, लेकरू नाही. चुलीत घालायचंय ना शेवटी?” मग ते गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचे.

आता गोजराबद्दल सांगते. आमच्या समोरच, गल्ली ओलांडली की तिचं घर. जातीची आगरी, वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. नवरा शिवराम एकोणनव्वद सालीच गेला. तेव्हापासून पडवीत खानावळ चालवायची. नव्या कॉलनीच्या इमारती उठत होत्या, तिथले मजूर आणि मुकादम तिच्याकडे जेवायचे. बाई कामाची, हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन. पण त्या वर्षी ओट्यावरून पाय घसरून पडली आणि तिचा उजवा खांदा कामातून गेला. कुऱ्हाड उचलता येईना.

दिवाळीनंतर एक दिवस ती आमच्या दारात आली. “फजलभाऊ, आंब्याचा झाड घेतलाय फाटीला. कोन फोडून देनारा मिलंल का वलखीचा?”

फाटी म्हणजे सरपण. आणि ओळखीचा म्हणे! हे लगेच उठले. अंगातला सदरा काढून खुंटीला लावला, कुऱ्हाड आणि पाचर घेतली आणि गेले. भाजी आणायला सांगितलं की या माणसाचे गुडघे दुखतात.

पहिल्या दिवशी मी काही मनाला लावून घेतलं नाही. शेजारधर्म आहे, विधवा बाई आहे, जाऊ दे. दुसऱ्या दिवशीही जाऊ दे म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी चुलीवरचा तवा उतरवून खिडकीत जाऊन उभी राहिले. फोडणं संपलं होतं आणि थप्पी चालू होती. हे एकेक ढलपा हातात घेत होते, फिरवून बघत होते, जागेवर ठेवत होते, पुन्हा काढून दुसरा ठेवत होते. लाकडांची तोंडं अशी एका रेषेत, जणू फळीला रंधा मारलाय. आणि गोजरा कमरेला पदर खोचून शेजारी उभी.

“साल वर का ठेवायची, सांग बघू?” हे विचारत होते.

“का वो भाऊ?”

“पाणी वरून ओघळून जातं. साल म्हणजे लाकडाची छत्री.”

“असा काय! मना म्हायतच नव्हता.”

आणि हे हसले. अहो, खरंच हसले. निकाह झाला तेव्हा फोटोवाल्याने चार वेळा सांगूनही हा माणूस हसला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाकडाची छत्री म्हणे! हेच छत्रीचं वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं आणि हजार वेळा ‘हं’ म्हटलं होतं.

त्यानंतर रोज काही ना काही निघायचं. आज थप्पी कलली का बघायची, उद्या ढलप्यांच्या तोंडाला भेगा पडल्या का बघायचं. भेगा बघायला अर्धा तास लागत नाही. उरलेला वेळ गवती चहा आणि गप्पा. घरी यायचे ते डोक्यात भुसा आणि तोंडावर समाधान घेऊन. आमच्या मागच्या अंगणातली थप्पी त्या साली कशी रचली होती सांगू? भिंतीला टेकवून, घाईघाईत, एक बाजू उंच, एक बाजू ठेंगणी. मी एकदा बोलून दाखवलं, “आपली जरा वाकडी दिसतेय.”

“जुनी बाभूळ आहे, चालतंय,” म्हणाले.

चालतंय. घरचं चालतंय.

माझ्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगते. हा माणूस त्या बाईबरोबर पळून जाईल अशी भीती मला नव्हती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पळून पळून कुठे जाणार? पण त्या अंगणात जो फजल उभा असायचा, बोलका, हसरा, हातवारे करणारा, तो माझ्या घरात येतच नव्हता. उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसा त्याला तिथेच सोडून हे आत यायचे. तो माणूस मला हवा होता. माझा हक्काचा होता तो, आणि एका आंब्याच्या झाडापायी गोजराने त्याला नेलं होतं.

मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, आता थांबता येणार नाही. आधी एक डोळा करू, महिन्याने दुसरा. धूर, धूळ, वाकणं सगळं बंद. आमच्या हुदाचा फ्लॅट सानपाड्याला, तिथून दवाखाना जवळ. ठरलं की जूनपासून गणपतीपर्यंत आम्ही दोघांनी तिच्याकडेच राहायचं.

निघायच्या आदल्या दिवशी यांनी मला मागच्या दारी बोलावलं. तिथे एक कोरा करकरीत पत्रा उभा होता.

“हा गोजराच्या थप्पीवर टाकायचाय. पाऊस तोंडावर आलाय. मला आता उचलवणार नाही, कोणाला तरी सांगून टाकून घे. फक्त वरून हं, अख्तर. बाजू मोकळ्या राहू देत.”

मी आमच्या थप्पीकडे बघितलं. तिच्यावर आठ वर्षांचा गंजका पत्रा, त्याला तीन भोकं. उद्या ज्याच्या डोळ्याला सुरी लागणार तो माणूस आज काळजी कसली करतोय, तर गोजराच्या लाकडांची! माझं डोकं मात्र थंडगार झालं.

“मीच जाऊन टाकते,” मी म्हटलं. “तुम्ही आराम करा.”

पत्र्याला मी हात लावला नाही. पनवेलच्या बाजारात गेले आणि निळं जाड प्लास्टिक घेतलं, चांगलं पंधरा हात, आणि नायलॉनची दोरी. संध्याकाळी गल्ली ओलांडून तिच्या अंगणात गेले. गोजरा भांडी घासत होती, मला बघून चटकन उठली, हात पदराला पुसले.

“भाबी! या ना, या.”

“पावसाचं झाकून देते तुझं सरपण,” मी म्हटलं. “यांनी सांगितलंय.”

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. मी प्लास्टिक वरून टाकलं आणि चारी बाजूंनी थेट जमिनीपर्यंत खाली घेतलं. गोजराने एकदा थप्पीवर हात ठेवला, एकदा माझ्याकडे बघितलं.

“पुरा झाकायचा?”

“पुरं. वाऱ्याने पाणी बाजूने येतं.”

“तुमी म्हनताव तर ठीकच हाय,” ती म्हणाली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं. दुखऱ्या खांद्याने ओढलं. आम्ही दोघींनी मिळून पाच वेढे घातले आणि मी गच्च गाठी मारल्या. लाकडाचा श्वास कोंडायला आणखी काय लागतं? आत थोडी ओल असते, वर पाऊस, बाजूने वारा नाही. लाकडाला घाम फुटतो आणि तो घाम लाकूडच पितं. चौतीस वर्षांत मी एवढं तरी शिकले होते.

सानपाड्याला तीन महिने यांच्या डोळ्यांत मी वेळेवर थेंब टाकले, हाताला धरून फिरवलं, पेपर वाचून दाखवला. बायकोने करायचं ते सगळं केलं. अधूनमधून हे विचारायचे, “पत्रा नीट बसलाय ना तिचा?”

“बसलाय,” मी म्हणायचे आणि दुसरा थेंब टाकायचे.

गणपती उठल्यावर आम्ही घरी आलो. पिशव्या ओट्यावर ठेवल्या न ठेवल्या तोच हे नवा जाड चष्मा सावरत समोर गेले. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आधण उकळून आटलं तरी हे आले नाहीत. आले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं डोळ्यालाच काही झालं.

“सगळं गेलं,” ओट्यावर बसत म्हणाले. “कफन बांधावं तशी बांधून ठेवली होती थप्पी. सोडली तर आत पांढरी बुरशी, खाली अळंबी उगवलीय. हात लावला तर लाकूड गारढोण.”

मी कप पुढे केला. कपात चहाच नव्हता. यांचं लक्ष नव्हतं.

“विचारलं, कोणी केलं हे? तर म्हणते, मीच बांधली भाऊ, पाऊस लय होता. आणि येताना बघितलं, पत्रा आपल्या मागच्या दारी तसाच! तू दिलास आणि तिने परत आणून ठेवला असणार. इतकं सांगून, इतकं समजावून! मी बोललो तिला, चांगलंच बोललो. तिची माणसं जेवत होती त्यांच्यासमोर बोललो. अडाणी ती अडाणीच.”

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते मला आजही कळतं आणि तेव्हाही कळत होतं. मी काही केलं नाही. उलट आतून मला उकळ्या फुटत होत्या आनंदाच्या. गोजराने आळ स्वतःवर का घेतला, हा प्रश्न मी बाजूला सारला. माझ्या कानात एकच शब्द वाजत होता, अडाणी.

हे पुन्हा तिकडे गेले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी सुरमईचं कालवण केलं, समोर बसून वाढलं. आता हा माणूस माझा होता, पूर्ण. पण तो काही बोलेना. खुर्चीत बसून गल्लीकडे बघत राहायचा. मागच्या दारी पाऊलही टाकलं नाही. आमच्या थप्पीवरचा पत्रा वाऱ्याने एका बाजूला सरकला होता, तो मी दाखवला, तर म्हणाले, “असू दे.”

आठव्या दिवशी टेम्पोवाला कोंडिबा दारात आला. “फजलशेठ, एक नंबर बाभूळ आलीया. प्लॉट साफ केलाय पलीकडं. टाकू का?”

हे खुर्चीतून उठलेही नाहीत. “नको रे. कोण ऐकतंय, कोण सांभाळतंय. गॅस आहे की घरात. मागची आहेत तीही घेऊन जा कधीतरी.”

कोंडिबा माझ्याकडे बघायला लागला. मी समोर बघत होते. गोजराच्या पडवीतून धूर निघत होता, नेहमीचा नव्हे, कोंडल्यासारखा पिवळट काळा धूर. जेवणारे ताटं घेऊन बाहेर उन्हात बसले होते आणि बाहीने डोळे पुसत होते. आधी तीस-पस्तीस जण असायचे, त्या दिवशी जेमतेम दहा. बाकीचे नाक्यावरच्या स्टोव्हवाल्याकडे जायला लागले होते. आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत होता.

दुपारी जेवताना मी सांगून टाकलं. तिची दया आली म्हणून सांगितलं असं म्हटलं तर लोक मला चांगलं म्हणतील, पण खरं तसं नाही. माझ्या ताटासमोर जो बसला होता तो माणूस मेल्यासारखा बसला होता, आणि ते मला सहन होईना.

“गोजराने नाही बांधलं. मी बांधलं.”

घास हातातच राहिला. “तू?” मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “तुला माहीत नव्हतं, अख्तर. मी नीट सांगायला हवं होतं.”

“माहीत होतं,” मी म्हटलं. “सगळं माहीत होतं. बाजू मोकळ्या ठेवायच्या, नाहीतर घाम येतो. साल वर ठेवायची. चिऱ्यांवर रचायचं. बोटं जातील एवढी फट. आंब्याला एक उन्हाळा, तोही आठवड्यात फोडला तर. बाभळीला दोन.”

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्यामागे डोळे केवढे मोठे दिसत होते! “आणि चिंच?”

“चिंच फोडताना माणूस मरतो, म्हणून ओली असतानाच फोडायची.”

“आणि वाजवून बघायचं ते?”

“टणटण वाजलं तर चूल. भद्द वाजलं तर परत.”

“म्हणजे तू ऐकत होतीस,” ते म्हणाले. आणि हसले. गोजराच्या अंगणातलं ते हसू माझ्या ताटासमोर, माझ्या घरात, माझ्याकडे बघून. “इतकी वर्षं तू सगळं ऐकत होतीस!”

त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मी जगातली सर्वात सुखी बाई आहे. पण ते हसू हळूहळू विझलं. त्यांनी घास ताटात ठेवला.

“म्हणजे चुकून नाही झालं.”

“नाही.”

“माहीत असून केलंस.”

“तुम्ही तिची थप्पी आपल्यापेक्षा नीट रचलीत,” मी म्हटलं. “तिच्यासाठी नवा पत्रा. तिच्याशी दोन-दोन तास बोलणं. माझ्याशी कधी बोललात?”

“ती विचारायची,” ते म्हणाले. “तू ‘हं’ म्हणायचीस.”

त्यांनी हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चारचौघांत अडाणी म्हणालो मी तिला. माझी माफी मी मागेन, ती माझी आहे. आधी तू जा. मी बरोबर येणार नाही.”

गल्ली आमची बारा पावलांची. त्या दिवशी ती ओलांडायला मला किती वेळ लागला कोण जाणे. गोजरा चुलीपुढे बसली होती, डोळे लालभडक. चुलीतल्या लाकडाच्या तोंडातून फेस येत होता आणि फुंकून फुंकून तिचा घसा बसला होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, की मुद्दाम केलं, सडावं म्हणूनच केलं, जीव जळत होता म्हणून केलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “मना ठावं व्हता.”

“काय?”

“लाकूड घामनार ता. माजा बाप उरनला फाटीचाच धंदा करायचा, भाबी. मी वखारीतच वाढले.”

“मग हे तुला जे सगळं शिकवायचे... साल, फटी...”

“मानूस जीव लावून सांगतो, त्याला बोलू द्यावा. आपला काय जातंय?” तिने खोकून घेतलं. “पन तुमी सडवायला बांदलाव, ता नव्हता मना ठावं. ता आता कललं.”

“मग दोरी कशाला धरलीस?” मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. चूक माझी आणि राग तिच्यावर, अशी माझी तऱ्हा. “आम्ही सानपाड्याला गेलो त्याच दिवशी सोडून टाकायचंस! मी काय बघायला येणार होते?”

गोजराने भाकरी काढून टोपलीत ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“पावसाल्याभर जुन्या फाटीवर भागवला. दोन बार गाठीला हात लावला. नाय सोडवली. बारा वर्सं झाली मी या गल्लीत हाय, भाबी. शिवराम गेला तवापन तुमी रस्त्यावरूनच बोलून गेलाव. माज्या अंगनात तुमी पयल्यांदा आलाव ते त्या दिशी, आपल्या हातानी प्लास्टिक घेऊन. मना वाटला, भाबीला लाकडातला कलत नसंल, पन माया हाय. लाकूड काय, पुढल्या सालाला परत मिलंल. तुमची गाठ कशी सोडू?”

तिने पायाने पाट माझ्याकडे सरकवला. मी बसले. धुराने डोळ्यांत पाणी येतंय असं म्हणता आलं असतं, तिनेही ते मानलं असतं. मी तसं म्हटलं नाही.